आधी कागद वाचा, मग पाना हातात घ्या

या वेळी जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची पत्रं जास्त आहेत, आणि सगळ्यांचं दुखणं एकच, धूर. म्हणजे डोळ्यांना दिसणारा धूर नाही, मशीनला दिसणारा. गाडी मस्त पळते, आवाज छान, शेजारी वळून बघतात, आणि टेस्टला नेली की फेल. पहिल्या पत्राला लांबलचक उत्तर दिलंय कारण त्यात सगळ्यांच्या कामाचं बरंच आहे, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: दादा, माझ्याकडे १९९० ची माझदा मियाटा आहे, १.६ लिटर, पाच गिअर, लाल. दोन वर्षांपूर्वी एका रिटायर्ड गृहस्थांकडून घेतली, तेव्हा त्यांनी स्मॉग (धुराची सरकारी तपासणी) करून दिलं होतं. आता डीएमव्हीचं (इथलं आरटीओ) पत्र आलं म्हणून टेस्टला नेली तर फेल. एचसी (न जळलेलं पेट्रोल) पास, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) पास, पण एनओ (नायट्रिक ऑक्साइड) ताशी १५ माइलच्या टेस्टला १३१० आणि ताशी २५ माइलच्या टेस्टला १०९५, कागदावर मॅक्स ८०० च्या आसपास दिलंय. शॉपवाला म्हणतो कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेलं, १४०० डॉलर होतील. व्हिडिओत सांगतात ईजीआर (थोडा धूर परत इंजिनमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) साफ करा, पण मला दोन शनिवार शोधूनही ईजीआर सापडत नाहीये. मित्र म्हणतो नेवाडातून स्वस्तातलं कॅट आणू. रजिस्ट्रेशन तीन आठवड्यांत संपतंय, बायको म्हणते विकून टाक. काय करू? कागदाचा फोटो जोडलाय.
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर: सगळ्यात आधी ईजीआर शोधणं बंद करा, कारण तुमच्या गाडीला ती नाहीच. अमेरिकेत १.६ वाल्या मियाटाला ईजीआर व्हॉल्व्ह दिलेलाच नव्हता, तो १९९४ ला १.८ इंजिन आलं तेव्हा आला. तुमचे दोन शनिवार गेले त्याचं वाईट वाटतं पण व्हिडिओवाला बहुतेक दुसऱ्याच गाडीबद्दल बोलत होता.

आता फोटोबद्दल. तुम्ही पत्रात फक्त लाल अक्षरातला एनओ लिहिलात, आणि खरी मजा पास झालेल्या आकड्यांमध्ये आहे. तुमचा सीओ ०.०४ टक्के, एचसी ६१, आणि ऑक्सिजन ०.९ टक्के. त्याच्याखाली इग्निशन टायमिंगच्या, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते त्याच्या रकान्यात १३ डिग्री, पास. हे चार आकडे एकत्र वाचले की मला तरी १४०० डॉलरचं कॅट लगेच दिसत नाही.

हे नीट कळायला एनओ म्हणजे काय ते बघू. हवेत नायट्रोजन भरपूर असतो आणि तो एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण सिलिंडरमध्ये ज्वाळेचं तापमान साधारण १३०० अंश सेल्सियसच्या वर गेलं की तोच नायट्रोजन ऑक्सिजनला चिकटतो आणि एनओ तयार होतो. म्हणजे एनओ जास्त याचा सरळ अर्थ, आत जाळ जास्त गरम होतोय, किंवा मागे कॅट तो एनओ मोडत नाहीये, किंवा दोन्ही. जाळ गरम कशाने होतो तर टायमिंग पुढे असेल तर, पेट्रोल कमी आणि हवा जास्त असेल तर, इंजिनच गरम चालत असेल तर, आणि पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर बसला असेल तर. कॅटचा नंबर यानंतर. पण शॉपमध्ये उलटं होतं, कॅट बदलणं सोपं आणि त्यात पैसे चांगले, म्हणून पहिलं बोट तिकडेच जातं. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. सगळे तसे नसतात, पण कागद न वाचता "कॅट गेलं" म्हणणारा भेटला तर मी दुसरीकडे जातो.

टायमिंगपासून सुरुवात करा, कारण ते फुकट आहे. या गाडीचं बेस टायमिंग १० डिग्री, बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं आहे. स्मॉगवाला ३ डिग्री इकडे तिकडे चालवून घेतो, म्हणून तुमचं १३ पास झालं, अगदी काठावर. मियाटावाल्यांमध्ये टायमिंग पुढे करायची जुनी हौस आहे, १४ वर नेलं की खालच्या आरपीएमला गाडी जरा चपळ वाटते आणि लोक खुश होतात. तुमच्या रिटायर्ड काकांनी किंवा त्यांच्या आधीच्या कोणीतरी तेच केलेलं असणार. गाडी चपळ होते ते खरं, पण ती चपळाई सिलिंडरमधल्या वाढलेल्या प्रेशरमधून येते आणि त्याच प्रेशरने जाळ तापतो आणि एनओ वर जातो.

करायचं कसं, तर इंजिन पूर्ण गरम करा, एसी, लाइट, पंखा सगळं बंद. इंजिन बेमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला एक छोटा काळा डबा आहे, झाकणावर डायग्नोसिस लिहिलंय, झाकण उघडलं की आत नावं छापलेली आहेत. त्यातली टीईएन (TEN) आणि ग्राउंड (GND) ही टोकं वायरच्या तुकड्याने जोडायची. हे केलं नाही तर कम्प्युटर स्वतःच टायमिंग मागेपुढे करत राहतो आणि तुम्ही जे मोजाल ते खोटं, ही चूक दहातले आठ जण करतात. मग आयडल ८५० च्या आसपास आहे ना बघा, टायमिंग लाइटचा चिमटा सगळ्यात पुढच्या सिलिंडरच्या वायरला लावा आणि पुलीवरची खूण बघा. फिरवायचा भाग आहे कॅम अँगल सेन्सर, सिलिंडर हेडच्या पार मागच्या टोकाला, फायरवॉलच्या बाजूला, एकच १२ एमएमचा बोल्ट. हात घालायला जागा इतकी कमी की मनगट सोलवटून निघतं, आणि बोट लावलंत की तेल लागेलच, कारण तिथली ओ-रिंग या वयाच्या सगळ्याच मियाटांची गळते. रिंग दोनचार डॉलरची आहे, त्याच वेळी बदलून टाका. बोल्ट सैल करा, पूर्ण काढू नका, आणि सेन्सर केसभर फिरवा. केसभर म्हणजे खरंच केसभर. खूण १० च्या रेघेवर आली की बोल्ट आवळा, परत एकदा लाइट मारून बघा कारण आवळताना तो हमखास हलतो, आणि मग डब्यातली वायर काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो आणि आठवडाभर गाडी मरगळलेली का चालते म्हणून प्लग बदलत बसलो होतो.

आता तो ०.९ टक्के ऑक्सिजन. चांगल्या चालणाऱ्या, गरम कॅटवाल्या गाडीच्या धुरात ऑक्सिजन जवळजवळ शून्य असायला हवा. तुमच्याकडे तो उरतोय आणि सीओ अगदीच कमी आहे. म्हणजे एक तर मिश्रण पातळ आहे, हवा जास्त पेट्रोल कमी, नाहीतर एक्झॉस्टला कुठेतरी भोक आहे आणि बाहेरची हवा आत शिरतेय. दोन्हीही कॅटच्या मुळावर येतात बरं का. कॅटमध्ये दोन कामं चालतात, प्लॅटिनम-पॅलेडियम एचसी आणि सीओ जाळतात, आणि ऱ्होडियम एनओचे तुकडे करतं. पण एनओमधून सुटलेला ऑक्सिजन घ्यायला कोणीतरी सीओ लागतो ना, आणि फुकटचा ऑक्सिजन आधीच फिरत असेल तर सीओ त्याच्याकडे जातो, एनओ जशाच्या तसा बाहेर. म्हणून १४.७ ला १ हे हवा-पेट्रोलचं वजनाचं प्रमाण सांभाळायला कम्प्युटर जिवाचं रान करत असतो. थोडक्यात तुमचं कॅट कदाचित ठणठणीत असेल आणि त्याला काम करायला वाव मिळत नसेल.

तर गळती शोधा. या गाडीचं ठरलेलं दुखणं म्हणजे एअरफ्लो मीटरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत रेडिएटरवरून आडवी येणारी नळी, तिचा रबरी घडीघडीचा भाग. वरून बघितलात तर छान दिसतो. हाताने वाकवा, घड्या उघडा, खालच्या बाजूला चीर दिसेल. तिथून शिरणारी हवा मीटरने मोजलेलीच नसते, त्यामुळे पेट्रोल कमी पडतं. तेल ओतायचं झाकण आणि डिपस्टिकसुद्धा नीट बसलेलं हवं, कारण पीसीव्हीमुळे (इंजिनच्या पोटातली वाफ परत आत ओढणारी व्यवस्था) तिथूनही हवा ओढली जाते. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवा, खुळखुळ वाजला पाहिजे, नाही वाजला तर नवा घाला, किरकोळ किमतीचा आहे. एक्झॉस्टसाठी सकाळी थंड गाडी सुरू करून मॅनिफोल्डच्या जोडाजवळ कान द्या, टिकटिक आवाज आला तर गॅस्केट गेलंय.

धुरातला ऑक्सिजन बघून कम्प्युटरला मिश्रण सांगणारा ऑक्सिजन सेन्सर कधी बदलला होता का? पत्रात काही नाही, म्हणजे बहुतेक नाही. मल्टिमीटर लावा, इंजिन गरम असताना २५०० आरपीएमला व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सतत वरखाली नाचलं पाहिजे, दहा सेकंदांत सातआठ वेळा तरी. सुस्त झाला असेल, एकाच जागी बसून राहत असेल तर बदला. तुमच्या गाडीचा एका वायरचा साधा सेन्सर आहे, स्वस्त आहे. फक्त गरम इंजिनवर आणि चांगल्या पान्याने काढा, नाहीतर आटे घेऊन बाहेर येतो.

एवढं सगळं करूनही एनओ खाली आला नाही तर मग कॅट, तेव्हा मी शॉपवाल्याशी वाद घालणार नाही. पण नेवाडाचं कॅट नको म्हणजे नको. कॅलिफोर्नियात बदलायचं कॅट कार्बने (कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड, राज्याचं हवा-प्रदूषणाचं खातं) मंजूर केलेलंच लागतं, त्यावर एक्झिक्युटिव्ह ऑर्डरचा नंबर कोरलेला असतो आणि तो तुमच्या वर्षाच्या, तुमच्या इंजिनच्या गाडीला लागू असावा लागतो. टेस्टवाला आधी डोळ्यांनी तपासणी करतो, आरसा घालून तो नंबर बघतो, नसला तर धूर गंगाजळासारखा असला तरी फेल. म्हणजे दोनदा पैसे. कॅलिफोर्नियाचं कॅट महाग असतं कारण त्यात धातू जास्त असतो, आणि त्यावर ५ वर्षं किंवा ५० हजार माइलची वॉरंटी मिळते. पावती जपून ठेवा.

आता टेस्टच्या दिवशीचं. तुमच्या भागात १९७६ ते १९९९ च्या गाड्या रोलरवर चढवतात, आधी १५ माइल, मग २५ माइल, दोन्ही वेळी रोलर भार टाकतो, म्हणजे गाडी चढ चढतेय असं इंजिनला वाटतं. एनओ इंजिनवर भार असतानाच जास्त बनतो म्हणून ही पद्धत. ग्रामीण भागात जिथे नुसती उभ्या गाडीची टेस्ट होते तिथे एनओ मोजतच नाहीत, तुमच्या मित्राच्या मावसभावाची तशीच गाडी तिकडे पास झाली असेल तर त्याचं रहस्य हेच. दर टप्प्याला जास्तीत जास्त ९० सेकंद मिळतात आणि त्यात १० सेकंदांची सरासरी लिमिटच्या खाली आली की मशीन लगेच पास करतं. म्हणून कॅट आधीपासून तापलेलं असणं फार महत्त्वाचं.

माझ्या जुन्या टोयोटा एमआर२ ची गोष्ट सांगतो. शनिवारी गेलो, पुढे चार गाड्या, मी इंजिन बंद करून खुर्चीत बसलो, वेंडिंग मशीनमधले चिप्स खाल्ले, पाऊण तासाने नंबर लागला, एचसी फेल. मंगळवारी सकाळी सात वाजता, अपॉइंटमेंट घेऊन, फ्रीवेवरून वीस मिनिटं तिसऱ्या गिअरमध्ये पळवत थेट आत नेली, एचसी निम्म्यावर. मध्ये एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता. थंड कॅट म्हणजे नुसता लोखंडी डबा, अडीचशे-तीनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय त्याचं काम सुरूच होत नाही. तेव्हा गरम न्या, चालू ठेवा, आणि ऑइल जुनं असेल तर दोन दिवस आधी बदला, कारण ऑइलमध्ये मिसळलेलं पेट्रोल पीसीव्हीतून परत इंजिनमध्ये येतं आणि एचसी वाढवतं. बाटलीतली जादूची औषधं टाकीत ओतू नका. ९१ ऑक्टेन भरूनही एनओला काही फरक पडत नाही, तुमच्या इंजिनला ८७ पुरतं.

आणि थेट ऑफिशियल टेस्ट करू नका, प्री-टेस्ट मागा. मशीन तेच, आकडे तेच, पण सर्टिफिकेटचा विषय नाही. टायमिंग लावून एकदा, गळती आणि सेन्सर करून एकदा, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळतं. रजिस्ट्रेशनची फी मात्र तारखेच्या आत भरून टाका, स्मॉग बाकी असलं तरी फी घेतात आणि मग लेट फीचा भुर्दंड बसत नाही. स्टिकर स्मॉग पास झाल्यावर येतो. वेळ कमी पडला तर डीएमव्हीकडे टेम्पररी परमिट विचारा. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना दुरुस्तीसाठी राज्याची मदतही मिळते, फक्त अर्ज दुरुस्तीच्या आधी मंजूर व्हावा लागतो, नंतर पावती दाखवून उपयोग नाही.

जुनी गाडी म्हणून सूट मिळेल का असंही तुम्ही फोटोच्या मागे पेनाने लिहिलंय. नाही. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्याच पेट्रोल गाड्या मोकळ्या आहेत. पूर्वी ३० वर्षांची सरकती सूट होती, ती २००४ च्या कायद्याने गोठवली. २०२५ मध्ये विनोदी कलाकार आणि गाड्यांचे शौकीन जे लेनो यांच्या नावाने ओळखलं गेलेलं बिल आलं होतं, ३५ वर्षांच्या कलेक्टर गाड्यांसाठी, तेही समितीतच बसलं. विकायची घाई नको, वहिनींना सांगा महिनाभर थांबा.

प्रश्न: माझी २००१ ची पोर्शे बॉक्स्टर. बॅटरी गेली होती म्हणून नवीन टाकली, दुसऱ्याच दिवशी स्मॉगला गेलो. चेक इंजिन लाइट नाही, काहीच तक्रार नाही, तरी फेल. धुराची नळी तर लावलीसुद्धा नाही! हे काय नवीन?
— एक वाचक, अर्वाइन

उत्तर: नवीन नाही, २०१५ पासून आहे. २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्नियात नळी लावतच नाहीत, गाडीच्या कम्प्युटरला केबल जोडून विचारतात की बाबा तू तुझ्या तपासण्या पूर्ण केल्यास का. त्या तपासण्यांना मॉनिटर म्हणतात, कॅटचा एक, ऑक्सिजन सेन्सरचा एक, सेकंडरी एअरचा (थंड इंजिनच्या धुरात जादा हवा सोडणारा पंप), पेट्रोलच्या वाफेचा म्हणजे इव्हॅपचा, असे. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांच्या या सगळ्या पाट्या कोऱ्या होतात. तुमची गाडी आजारी नाहीये, तिचा गृहपाठ झालेला नाहीये. २००० पासूनच्या गाडीला फक्त इव्हॅप अपूर्ण असला तर चालतो, बाकी सगळे पूर्ण हवेत. १९९६ ते १९९९ वाल्यांना कुठलाही एक अपूर्ण चालतो, पण त्यांना परत नळी आहेच.

वीसतीस डॉलरचा एक स्कॅनर घ्या, त्यात रेडिनेस बघता येतं, आणि सगळं रेडी दिसेपर्यंत टेस्टला जाऊच नका. कोड पुसायचं बटण असतं त्याला हात लावू नका, पुसलं की परत शून्यापासून.

मॉनिटर भरायचे कसे? गाडी रात्रभर थंड होऊ द्या, कारण काही तपासण्या थंड स्टार्टलाच होतात, सेकंडरी एअर त्यातलीच. टाकी पाव ते पाऊण यांच्यामध्ये ठेवा, फुल टाकीवर इव्हॅप चालत नाही. सकाळी सुरू करून दोनतीन मिनिटं आयडल, मग फ्रीवेला ताशी ५५ माइलच्या आसपास एकाच स्पीडने दहापंधरा मिनिटं, मध्ये पाय काढून ब्रेक न लावता स्पीड उतरू द्यायचा, परत वर, असं दोनतीनदा. मग शहरात सिग्नल सिग्नल. आता हे ४०५ फ्रीवेवर संध्याकाळी करायला गेलात तर एकसारखा ५५ स्पीड जन्मात मिळणार नाही. रविवारी पहाटे साडेपाचला निघा, ५ नंबरच्या फ्रीवेने दक्षिणेकडे, बॉक्स्टर घेऊन तसंही त्या वेळीच निघायला पाहिजे. एका फेरीत होत नाही, तीनचार दिवस लागतात, त्यात आठवडा गेला तरी घाबरू नका. आठवड्यानंतरही कॅटचा मॉनिटर अडून बसला असेल तर मात्र मागचे ऑक्सिजन सेन्सर बघायला लागतील, तेव्हा परत लिहा.

प्रश्न: दादा, आमच्याकडे सॅन स्टॉर्म आहे, उघड्या टपाची, काकांनी हौसेने घेतलेली. पीयूसीला सीओ १.८ टक्के आला. एका केंद्रावर फेल सांगितलं, दुसऱ्या केंद्रावरचा माणूस म्हणाला पास आहे. दोघांचंही मशीन सरकारीच! खरं कोणाचं धरायचं?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: अरे वा, गोव्यात बनलेली गाडी गोव्यातच सांभाळली जातेय हे वाचून बरं वाटलं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतील. पीयूसीचं लिमिट गाडी कुठल्या नॉर्मची आहे त्यावर ठरतं. बीएस-२ (भारत स्टेज २) च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पर्यंत चालतो, बीएस-२ आणि ३ ला सीओ ०.५ आणि एचसी ७५०, बीएस-४ ला तर ०.३ आणि २००. म्हणजे तुमचा १.८ एका हिशोबाने आरामात पास आणि दुसऱ्या हिशोबाने सपशेल नापास. आरसीवर नॉर्म काय लिहिलंय ते बघा. जुन्या गाड्यांचं बऱ्याचदा ऑनलाइन नॉट अव्हेलेबल असं येतं आणि मग ऑपरेटर अंदाजाने निवडतो, तिथे घोळ होतो. आरटीओत जाऊन ती नोंद एकदाची दुरुस्त करून घ्या. गाडी बीएस-४ च्या आधीची म्हणजे दर सहा महिन्यांनी हीच कटकट, आणि पीयूसी नसेल तर दंड १० हजारांपर्यंत जातो.

पण कागदावर पास झाली तरी १.८ सीओ इंजेक्शनवाल्या गाडीला शोभत नाही. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, कॅलिफोर्नियाच्या वर दिलेल्या मियाटाच्या बरोबर उलट. एअर फिल्टर, मग कूलंट टेम्परेचर सेन्सर, मग प्लग, या क्रमाने बघा. पावसाळ्यात तीन महिने ताडपत्रीखाली उभी असते असं तुम्ही लिहिलंय, तर थेट केंद्रावर नेऊ नका, निदान अर्धा तास हायवेवर चालवून मग न्या. तिथे नळी सायलेन्सरमध्ये चांगली फूटभर आत गेली पाहिजे, बोटभर घालून घेतलेलं रीडिंग म्हणजे निम्मी बाहेरची हवा. त्या १.८ चं खरं रीडिंग कदाचित याहून जास्तच असेल.

स्पेअर मिळत नाहीत म्हणून रडू नका. आतलं इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं आहे, तेच कुटुंब युरोपात ट्विंगो आणि क्लिओमध्ये लाखांनी विकलं गेलंय. इंजिनवरचा कोड लिहून घ्या आणि गाडीच्या नावाने न शोधता त्या कोडने शोधा. दरवाजाच्या काचेची पट्टी मात्र कुठेच मिळणार नाही, ती जपा.

प्रश्न: २००१ ची होंडा एस२०००. टेक्सासमध्ये इन्स्पेक्शन बंद झालं ना? मग एमिशनची काळजी करायची की नाही?
— प्लेनो

उत्तर: बंद झालं ते सेफ्टी इन्स्पेक्शन, जानेवारी २०२५ पासून. मोठ्या शहरांभोवतालच्या काउंटींमध्ये एमिशन टेस्ट चालूच आहे आणि तुमची कॉलिन काउंटी त्यात येते. पण ती २ ते २४ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांनाच, २५ व्या वर्षी सुटका. तुमचं मॉडेल इयर मोजून घ्या.

प्रश्न: नमस्कार, मी १९८८ ची टोयोटा एमआर२ चालवतो. एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीत, सीओ ५.२ टक्के, एचसी ६४०. गाडीला कॅट नाहीये, मूळचीच नाही. कॅट बसवावं लागेल का? अजून एक, हीटर हल्ली कोमटच येतो, पण ते वेगळं, उन्हाळ्यात बघेन.
— स्लाव, इंग्लंड

उत्तर: कॅट अजिबात नको. तुमच्याकडे ऑगस्ट १९८६ ते जुलै १९९२ मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या गाडीला सीओ ३.५ टक्के आणि एचसी १२०० पर्यंत चालतो, कॅटवाली कडक टेस्ट त्यानंतरच्या गाड्यांना. म्हणजे एचसीत तुम्ही निवांत पास, फक्त सीओ उतरवायचाय. त्यातून ४० वर्षं झाली आणि गाडीत मोठे बदल नसले की एमओटीच लागत नाही, तुमची २०२८ ला सुटेल, पण तोपर्यंत जायलाच हवं.

आणि तो हीटर वेगळा नाहीये हो, तेच तर कारण आहे! थर्मोस्टॅट उघडा अडकलाय बहुतेक, पाणी पुरेसं तापत नाही, म्हणून हीटर कोमट, आणि कम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे म्हणून तो चोक ओढल्यासारखं पेट्रोल ओतत राहतो. डॅशबोर्डवरचा काटा मध्याच्या खाली राहतो का बघा. थर्मोस्टॅट बदला, कूलंट भरा, आणि इंजिन मागे असल्यामुळे लांबलचक पाइपांमध्ये हवा अडकते ती नीट काढा, पुढून मागून दोन्हीकडून, नाहीतर नवा थर्मोस्टॅट घालूनही हीटर कोमटच येईल. काटा जागेवर आला आणि सीओ तरी उतरला नाही तर कम्प्युटरचा टेम्परेचर सेन्सर बघा, काट्याचा वेगळा असतो आणि तो वेगळा, दुकानात मागताना नीट सांगा.